प्रसंगाचं पाणी

समोरच्या वहिनी आल्या तेव्हा गल्लीत पाणी आलेलं होतं, आणि पाणी आलेलं असताना आमच्या गल्लीत कुणी कुणाकडे जात नाही. जो तो आपापल्या नळापाशी असतो. त्यामुळे त्यांना दारात पाहून मी आधी विचारलं, काय झालं?

"काही नाही हो सर," त्या म्हणाल्या. "ह्यांना बसवलंय नळापाशी. म्हटलं, आत्ता गेलं तर सर घरात सापडतील की."

त्यांचा मुलगा जपानमध्ये नोकरीला आहे. माझी मुलगीही तिथेच असते. मुलाने आईवडिलांना बोलावलं आहे, आणि तिथून त्यांना दक्षिणेकडच्या एका लहान बेटावर पाठवणार आहे. मी आणि माझी पत्नी गेलो होतो ते हे बेट नव्हे, पण त्याच जहाजाच्या वाटेवरचं, त्याहून लहान.

"मी म्हटलं, बेटच का रे बाबा? तर म्हणतो, तिकिटं काढून झालीत." वहिनी पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. "घाबरत न्हाय मी. पण विचारलेलं बरं. काय न्यायचं, कशाला जपायचं, तेवढं लिहून द्या."

मी हो म्हणालो. त्याला बरेच दिवस झाले. मी हळू लिहितो, आणि या विषयावर तर फारच हळू.

वहिनी, पहिली गोष्ट म्हणजे परतीच्या तारखेवर विसंबू नका. अशा बेटावर विमान उतरत नाही. जहाज जातं, आणि ते रोज जात नाही. सोलापुरात नळाला पाणी येतं तसं ते येतं, म्हणजे ठरलेल्या दिवशी, आणि कधी कधी ठरलेल्या दिवशी नाही. समुद्र खवळला की बंदरातून सुटतच नाही. म्हणून रोजच्या गोळ्या लागतात त्याच्या दुप्पट न्या, आणि निम्म्या तुमच्या पर्समध्ये, निम्म्या तुमच्या ह्यांच्या खिशात ठेवा. बोटीवर पोटात ढवळतं. आल्याचा तुकडा दाढेत धरून पडून राहावं. क्षितिजाकडे बघत बसा असं लोक सांगतात, पण क्षितिजच हलत असतं.

उतरण्याआधी तुमच्या चपलांचे तळवे धुवून घेतील. बाहेरची माती आणि बी त्या बेटावर जाऊ नये म्हणून. माझी पत्नी तेव्हा हसली होती. "आपल्यात पाय धुवून घरात घेत्यात," ती म्हणाली, "हितं चपला धुवून गावात घेत्यात. माणसाचे पाय तसेच!"

तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय यातलं काहीच लिहिता येणार नाही, हे मला पहिल्या ओळीलाच कळायला हवं होतं.

ती नातेपुत्याकडची. मी सोलापुरात एका शाळेत भूगोल शिकवायचो, आणि लग्नानंतर ती या गल्लीत आली ती कायमची. मुलगी लहान असताना पत्नीला मुतखड्याचा त्रास सुरू झाला. आमच्या भागात तो घरोघरी असतो, त्यामुळे आम्ही सगळ्यांसारखेच कुळथाच्या कढणावर भिस्त ठेवून राहिलो. शेवटी एक मूत्रपिंड काढावं लागलं. उरलेल्या एकावर ती पुढे सगळं आयुष्य काढणार होती, आणि डॉक्टरांनी तिला एकच गोष्ट बजावली होती: पाणी कमी पडू द्यायचं नाही. उन्हाळा असो, प्रवास असो, लग्नकार्य असो, पाणी पीत राहायचं. ती कुठेही निघाली की आधी बाटली निघायची.

घरातलं पाणी तिच्या ताब्यात होतं. आम्हाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. ते आलं की ती पदर कमरेला खोचून उभी राहायची. आधी मागच्या खेपेचं पाणी काढायचं. ते शिळं. शिळं पाणी कपड्यांना, फरशीला, तुळशीला. मग भांडी घासायची, मग ताजं भरायचं. पिण्याचा तांब्याचा हंडा सगळ्यांत शेवटी, नळाची धार नितळ झाल्यावर. जुन्यात नवं ओतायचं नाही, हा तिचा नियम होता. मी एकदा आळसाने हंड्यात वरून भर घातली, तर तिने तो सगळा हंडा ओतून दिला आणि मला म्हणाली, "भूगोल शिकवता अन् पाणी कळंना तुमास्नी?"

हे सगळं घेऊन आम्ही त्या बेटावर गेलो. माणूस प्रवासाला जाताना सवयी घरी ठेवून जात नाही.

मी शाळेत वर्षानुवर्षं मुलांकडून म्हणून घेतलं होतं, चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागास बेट म्हणतात. बेट मी पाहिलेलं मात्र नव्हतं. मुलीला ते ठाऊक होतं, म्हणून निवृत्तीनंतर तिने ही सहल ठरवली. ती बरोबर येणार होती. ऐनवेळी तिला रजा मिळाली नाही. बंदरावर तिने माझ्या फोनमध्ये भाषांतराची सोय करून दिली. समोरच्याने जपानी बोलायचं, मग फोनमधून एक बाई मराठीत बोलणार. आमची ही तिला फोनातली बाई म्हणायची.

उतरलो ते एका म्हातारीच्या घरी. गावाच्या टोकाला, चढावर, लाकडी ओसरीचं घर, पुढे पपईची चार झाडं. म्हातारी एकटी राहायची आणि पाहुणे ठेवायची. पहिल्या संध्याकाळी ती काहीतरी बोलली आणि फोनातली बाई म्हणाली, "आपण थकलेले आहात. कृपया गरम पाण्यात पडा."

"पडा म्हणती!" ही हसून हसून बेजार झाली. म्हातारीही हसली, का ते न कळता. तेव्हापासून ही तिला मावशी म्हणू लागली आणि म्हातारीही ओ देऊ लागली. दोघी स्वयंपाकघरात एकमेकींच्या भाषेत बोलायच्या आणि फोन माझ्याकडे नुसता पडून राहायचा. हिने आमच्याकडची शेंगाचटणी आणि कडक भाकरी तिला चाखायला दिली. भाकरी मोडताना झालेल्या आवाजाने म्हातारी दचकलीच.

वहिनी, चटणी न्या. कडक भाकरी नेऊ नका. टिकते म्हणून आपण नेतो, पण ती खाल्ली की पाणी लागतं.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. त्यांच्याबद्दल मला फारसं आठवत नाही, एवढंच आठवतं की समुद्राचा निळा रंग पाहून ही म्हणाली होती, नीळ जास्त झालीय. मग एका दुपारी मी ओसरीवर वाचत बसलो होतो आणि काहीतरी बदललं आहे असं वाटलं. वारा अजिबात नव्हता. पपईचं पानही हलत नव्हतं. आणि तरी खाली किनाऱ्यावर लाटा येत होत्या, लांब अंतराने, जाड, एकेक करून. लाट फुटल्याचा आवाज चढावर यायला वेळ लागायचा. वाऱ्याशिवाय अशा लाटा येतात तेव्हा त्या दूरच्या वादळाने पाठवलेल्या असतात. हे मी फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं. पुस्तकात त्या लाटांचा आवाज नव्हता.

खाली बंदरात माणसं होड्या ओढून वर आणत होती. कुणी घाई करत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. इतकी माणसं इतकं काम करत असताना इतकी शांतता मी कधी पाहिली नव्हती. पक्षीही कुठे दिसत नव्हते.

म्हातारीने खिडक्यांच्या बाहेरून फळ्या सरकवल्या. मग तिने माळ्यावरून पांढरे कॅन काढले, घासले, पिण्याच्या पाण्याने भरले आणि मधल्या खोलीत भिंतीशी ओळीने ठेवले. ही मदतीला होतीच. तिने खुणेने विचारलं, एवढं कशाला? म्हातारी फोनशी बोलली. फोनातली बाई म्हणाली, "हे पाणी प्रसंगासाठी आहे."

"कसला प्रसंग?" हिने मला विचारलं.

फोनातल्या बाईचं चुकलं नव्हतं. मराठीत प्रसंग ओढवतो आणि प्रसंग साजराही होतो. मी म्हणालो, वादळ येतंय, त्यासाठी असेल. पण त्याच संध्याकाळी म्हातारीने देवघरासारख्या एका लहान फडताळापुढे फुलं ठेवली, फळं ठेवली, बराच वेळ हात जोडून बसली. हिने ते पाहिलं. तिला वाटलं, उद्या मावशींच्या घरी काहीतरी आहे. वर्षश्राद्ध असेल, पूजा असेल. पाहुण्यांना सांगून त्रास कशाला द्या, म्हणून सांगत नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी खाली कुणाचं तरी छप्पर बांधायला मदत करायला गेली. आभाळ पिवळट झालं होतं, उलटी आलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखं. मी फोनवर वादळाचा नकाशा पाहत होतो. पांढरं गोल चक्र सरकत सरकत एका ठिपक्याजवळ आलं होतं आणि तो ठिपका म्हणजे आम्ही होतो.

मागून पाणी ओतल्याचा आवाज आला. आमच्या घरचा आवाज. दर चार-पाच दिवसांनी ऐकलेला. म्हणूनच मी लगेच उठलो नाही.

उठलो तेव्हा कॅन रिकामे होऊन ओसरीवर उपडे निथळत होते. पपईच्या बुडाशी तळी साचली होती. पायऱ्या घासून लख्ख केल्या होत्या. ही स्वयंपाकघरातल्या नळाखाली पहिला कॅन धरून उभी होती.

"अगं, हे काय केलंस?"

"मावशींचा प्रसंग हाय न्हवं आज? कालचं शिळं पाणी वापरतील व्हय त्या? म्हातारं माणूस, एकटीनं किती करंल. म्हटलं ताजं भरून ठेवावं."

तिने नळ सोडला. नळ घोगरा आवाज करून थोडं लालसर पाणी ओकला आणि मग त्यातून नुसता वारा यायला लागला. सूंऽऽ असा लांब आवाज.

वहिनी, तुम्हाला तो आवाज माहीत आहे. आपल्याकडे पाणी येण्याआधी नळातून तसाच वारा येतो. तो ऐकू आला की गल्लीभर बायका भांडी घेऊन धावतात. हिच्या चेहऱ्यावर तेच हसू आलं. कॅन नीट नळाखाली सरकवून ती म्हणाली, "आलं, आलं बघा."

ती तशी बराच वेळ उभी राहिली. आवाज बारीक होत गेला आणि बंद झाला. वादळाआधी गावाचा पंप बंद करतात, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेलही, पण जपानीत.

म्हातारी परत आली तेव्हा वारा सुटला होता. तिने उपडे कॅन पाहिले, घासलेल्या पायऱ्या पाहिल्या, हिच्याकडे पाहिलं. हिने हात जोडले. म्हातारीने रिकामे कॅन एकेक करून आत घेतले, भिंतीशी पुन्हा ओळीने ठेवले, जणू भरलेलेच आहेत, आणि दार लावून घेतलं.

मग ते वादळ बेटावर बसलं. आलं असं मी म्हणणार नाही, बसलं. फळ्यांच्या आड दिवस आहे की रात्र ते कळत नव्हतं. घर कण्हत होतं. वीज गेली, फोन गेला, फोनातली बाईही गेली. घरात प्यायला चहाची किटली भरलेली होती आणि फ्रिजमध्ये दोन बाटल्या. न्हाणीतल्या टबात पाणी होतं, पण त्यात आधल्या संध्याकाळी सगळ्यांच्या आंघोळी झाल्या होत्या.

वीज जाण्याआधी मी एक वाक्य फोनात बोलून घेतलं होतं. माझ्या पत्नीला एकच मूत्रपिंड आहे, तिला पाणी लागतं. म्हातारीने ते ऐकलं, स्वतःच्या कमरेवर मागे हात ठेवून खूण केली, इथलं ना? मी मान हलवली. तिने डोळे मिटले आणि उघडले.

पाऊस इतका पडत होता की छप्पर फुटेल असं वाटत होतं. मी म्हणालो, पातेलं बाहेर धरू. म्हातारीने एक फळी बोटभर सरकवली, आम्ही दोघांनी मिळून पातेलं धरलं, पाणी भरलं, पानांचा चुरा आणि वाळू आली. हिने बोट बुडवून चाखलं आणि थुंकलं.

"मिठाचं हाय."

वारा समुद्रच उचलून आणत होता. आभाळातून पडत होतं तेही खारट.

म्हातारी तीन पेल्यांत पाणी ओतायची. आमच्या दोघांचे पेले भरलेले, तिचा अर्धा. मग तिचा अर्धाही ती हिच्यापुढे सरकवायची. ही तो परत सरकवायची. मेणबत्तीच्या उजेडात तो पेला बुटक्या टेबलावर दोघींच्या मधून ये-जा करत राहायचा. शेवटी ही तो उचलून ओठांना लावायची आणि खाली ठेवायची. म्हातारी समाधानाने मान हलवायची. मी शेजारी बसलेलो असायचो, आणि पेल्यातलं पाणी होतं तेवढंच असायचं.

"पी की गं," मी म्हणायचो.

"पोट भरलंय."

"पाण्यानं पोट भरतं होय?"

"म्हातारीचं पाणी मी सांडलं," ती हळूच म्हणाली, "आता तिच्या वाटचं पिऊ व्हय? तोंड हाय का मला?"

मी माझा पेला दिला, तो मात्र तिने थोडा घेतला, मला राग येऊ नये एवढाच. तहान लागली की ती माझी थट्टा करायची. "सांगा की मास्तर, बेट म्हंजे काय?" मी माझा पेला पुढे केला. "चहूबाजूंनी," तीच म्हणायला लागली, आणि मधेच थांबली, कारण तिच्या कमरेत कळ आली होती.

वादळ उठलं तेव्हा ती तापाने फणफणत होती आणि पावलं सुजली होती. म्हातारी चिखलातून धावत गेली आणि बेटावरच्या दवाखान्यातला तरुण डॉक्टर घेऊन आली. त्याने सलाइन लावलं, चांगलं केलं, मनापासून केलं. मोठ्या इस्पितळात न्यायला हवं, असं तो खुणांनी सांगत राहिला. पण समुद्र निवला नव्हता. जहाजाचा दिवस आला आणि जहाज आलं नाही. पुढचा दिवस आला आणि आलं नाही. चहूकडे लखलखीत ऊन, धुतलेलं निळं आभाळ, आणि बंदर रिकामं. त्या रिकाम्या बंदराकडे बघत बसणं वादळापेक्षा वाईट होतं.

शेवटी आलं. बंदरावर गाव लोटलं होतं. तिथे जहाज सुटताना सगळे येतात. फोन पुन्हा सुरू झाला होता. लोक एकसुरात काहीतरी ओरडत होते आणि फोनातली बाई म्हणाली, "जाऊन या."

"आपल्यासारखंच बोलत्यात की!" खुर्चीत बसवलेल्या हिने म्हातारीचा हात धरला आणि मराठीत म्हणाली, "येते हं मावशी." म्हातारीला ते कळलं असावं. तिने हिच्या हातात पाण्याची भरलेली बाटली दिली. ती बाटली जहाजावर पोचल्या पोचल्या हिने पूर्ण प्यायली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

सोलापूरला आल्यावर डॉक्टरांनी तिकडच्या इस्पितळाचे कागद पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. ते म्हणाले, एकच होतं, वय होतं, पुढेमागे हे होणारच होतं. त्यांना खरं काय ते ठाऊक असेल. मला ते वाक्य उपयोगी पडलं नाही, पण ते चांगल्या मनाने बोलले होते.

नंतर सगळं उलटं झालं. इतकी वर्षं पाणी पी म्हणणारे आता पाणी मोजून द्या म्हणू लागले. मूत्रपिंड काम करेना तेव्हा प्यालेलं पाणी शरीरातच साचतं. डायलिसिसला जायचं, यायचं, आणि दिवसभराला एक लहान तांब्या. बाहेर सोलापूरचा उन्हाळा. तिला आतल्या खोलीत उकडायचं म्हणून मी खाट स्वयंपाकघराच्या दाराशी लावली. तिच्या उशाला पिंप, पायथ्याला पिंप, भिंतीशी बादल्या, कोपऱ्यात हंडा. पाणी आलं की ती पडल्या पडल्या मला सांगायची, आधी काय ओता, मग काय भरा. मी करायचो. भरून झाल्यावर पिंपांची झाकणं लागेपर्यंत ती बघत राहायची आणि मग भिंतीकडे तोंड करायची. त्या दिवसांत मला माझी ती बेटाची व्याख्या आठवू नये असं वाटायचं.

वहिनी, तुम्ही तेव्हा रोज यायचात. बर्फाचा खडा फडक्यात बांधून आणायचात, तो ती ओठांवर धरायची. तुम्ही म्हणायचात, "दोन घोट जास्त घेतलं तर काय होतंय?" आणि ती म्हणायची, "मास्तर मोजत्यात गं, शाळा हाय ही."

मग एके दिवशी डॉक्टर घरी येऊन तिला पाहून गेले. मी दारापर्यंत पोचवायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "आता मोजू नका. मागतील तेवढं पाणी द्या."

मी आत आलो. तिला काही सांगावं लागलं नाही. दारातलं बोलणं तिने ऐकलं होतं. मी पेला घेऊन हंड्याशी गेलो. नळाला पाणी येऊन बरेच दिवस झाले होते, मधली खेप चुकली होती.

"ताजं हाय का शिळं?" तिने विचारलं.

खोटं बोलावं असं मला वाटलं. पण पाण्याच्या बाबतीत तिच्याशी खोटं बोलून चाललं नसतं. "शिळं आहे," मी म्हणालो.

तिने हात पुढे केला.

"द्या," ती म्हणाली. "प्रसंगालाच ठेवलेलं असतंय ते."

दोन पेले प्यायली. तिसरा अर्धा राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

तिला नेल्यावर बायका घर आवरायला लागल्या. माणूस गेलेल्या घरातलं भरलेलं पाणी ठेवत नाहीत, सगळं ओतून देतात, ही रीत मलाही माहीत होती. मी स्मशानातून परत आलो तेव्हा दोन पिंपं रिकामी झाली होती आणि मोरीतून पाणी गल्लीत वाहत होतं. समोरच्या वहिनींनी हंड्याला हात घातला होता.

"तो राहू द्या," मी म्हणालो.

"असं करू नये, सर," त्या रडत होत्या. "रीत हाय ती. अन् शिळं हाय हे. कधीचं भरलेलं."

"राहू द्या."

मी आवाज चढवला नव्हता, तरी सगळ्या बायका थांबल्या. मी तोवर या गल्लीत कुणाला कशाला नाही म्हणालेलो नव्हतो. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, हंडा तिरपा झाला होता तो सरळ केला, झाकण ठेवलं, आणि बाजूला झाल्या. त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

तर वहिनी, न्यायचं ते इतकंच. दुप्पट गोळ्या, आलं, चटणी, अंगभर सुती कपडे. वारा नसताना लाटा आल्या तर घरधन्याला विचारा, लाजू नका. फोन काय म्हणाला ते दोनदा विचारून घ्या. आणि दुसऱ्याच्या घरात भरून ठेवलेलं पाणी दिसलं तर ते कधीचं आहे हे न बघता तसंच राहू द्या. तहान लागली आणि कुणी आपल्या वाटचं पुढे केलं, तर प्या. लाज नंतर फेडता येते.

इथवर लिहून झालं तेव्हा गल्लीत आरडाओरडा झाला. नळातून वारा येत होता. मी उठलो. शिळं पाणी तुळशीला घातलं, बादल्या घासल्या, पिंपं भरली, सगळं तिने सांगितलेल्या क्रमाने. शेवटी धार नितळ झाल्यावर हंड्याशी गेलो.

हंडा मी कधीच ओतत नाही. घासतही नाही. पाणी तळाशी जायला आलं की वरून नवं भरतो. जुन्यात नवं. तिने पाहिलं असतं तर सगळा हंडा ओतून दिला असता.

"सर," वहिनी पलीकडून ओरडल्या, "आलं का तुमच्याकडं?"

"आलं," मी म्हणालो, आणि हंड्यात पाणी सोडलं.